मान दिली, पण मान दिला का?

॥ जय गुरुदेव ॥

*या आठवड्याचं चिंतन*



आजचा विषय वाचून काहींना हसू येईल. विषय आहे दाढी. न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर बसून, वस्तऱ्यानं करून घेतो ती दाढी. "यात कसलं अध्यात्म?" असं कुणीही विचारेल. पण सज्जनहो, ज्या कामात एक माणूस दुसऱ्याच्या गळ्यावर धारदार पातं फिरवतो आणि ज्याच्यावर फिरतं तो डोळे मिटून शांत पडून राहतो, त्या कामात धर्माचा प्रश्न नसेल तर मग कुठं असेल?

आपल्या मराठीत 'मान' हा शब्द मोठा गमतीचा आहे. *ती* मान म्हणजे गळ्याची, आणि *तो* मान म्हणजे आदराचा. दुकानात गेलो की पहिली मान आपण बिनधोक देऊन टाकतो. मागं टेकवतो आणि गळा मोकळा करतो. दुसरा मान देतो का? आजचं चिंतन एवढ्या एका प्रश्नावर आहे.

माय-माउलींनी हा पुरुषांचा विषय म्हणून सोडून देऊ नये. लेकराचं जावळ कुणी काढलं? घरात कुणी गेलं तर दहाव्याला क्षौर कुणी केलं? आपल्या घरातल्या पहिल्या केसापासून शेवटच्या क्रियेपर्यंत हा माणूस आपल्या दारात येऊन गेलेला आहे.

*खुर्चीवर काय घडतं?*

आधी काम नीट बघू. आपण शंभरदा दाढी करून घेतो, पण बघत नाही, कारण डोळे मिटलेले असतात.

आधी पाणी. ओल्या केसाला पाणी मुरलं की तो मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. मग ब्रशनं गोल गोल फेस. फेसामुळं केस उभा राहतो आणि पातं सरकतं. मग वस्तरा. पूर्वी पोलादी पात्याचा वस्तरा असायचा. तो दगडावर लावायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर पुढं-मागं फिरवायचा, तेव्हा कुठं धार बसायची. आता बहुतेक दुकानांत बदलत्या ब्लेडचा वस्तरा आहे. कारागीर कागदासकट ब्लेड मधोमध मोडतो, 'टक्' असा आवाज होतो, अर्धं पातं वस्तऱ्यात जातं आणि अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी राहतं. चांगला कारागीर हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर करतो. न बोलता तो आपल्याला सांगत असतो की बघा, पातं नवं आहे.

हे साधं वाटतं, पण साधं नाही. हेपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्ताचा डाग दिसत नसला तरी जुन्या पात्यावर रोग बसलेला असू शकतो. एक ब्लेड वाचवलं तर दोन-चार रुपये सुटतात आणि गिऱ्हाइकाला कधी कळतही नाही. कुणी बघत नसताना त्यानं नवं पातं लावलं, तर ती त्याची त्या दिवसाची पूजाच झाली म्हणा.

मग डाव्या हाताचा अंगठा कातडी ताणतो आणि उजव्या हाताचं पातं थोडं तिरपं होऊन केसाच्या दिशेनं उतरतं. गालावर काम सोपं असतं. गळ्यावर मात्र केस एका दिशेनं उगवत नाहीत. कंठमण्याच्या एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला आडवे. तिथं हात आला की बोलका कारागीरसुद्धा गप्प होतो. आपणही गप्प होतो, आवंढा गिळायचा थांबतो. कातड्याखाली धमनी उडत असते, तिच्यावरून पातं जातं आणि तिला कळतही नाही. शेवटी तुरटीचा खडा, गार पाणी आणि टॉवेल.

आमच्या भागातल्या एका जुन्या कारागिरानं मला एकदा सांगितलं होतं, "बाबू, वस्तऱ्याले धार असली की दाबायचं काम पडत नाही. बोथट झाला की माणूस दाबते, अन् दाबलं की कापते."

मला हे वाक्य विसरता येत नाही. आपल्याला वाटतं धार वाईट, बोथट बरं. कारागीर उलट सांगतो. जखम बहुतेक वेळा जोरामुळं होते, आणि ज्याचं हत्यार तयार नाही तोच जोर लावतो. घरात, कचेरीत, सत्संगातसुद्धा बघा. ज्याच्याजवळ नेमका शब्द असतो तो हळू बोलतो. ज्याच्याजवळ नसतो तो आवाज चढवतो.

*आपण मान का देतो?*

आता मुख्य गोष्ट. आपण सख्ख्या भावाला कोरा चेक देत नाही. शेजाऱ्याला विहिरीची मोटर द्यायची तर दहादा विचार करतो. आणि आदिलाबादच्या बाजारात कापूस विकायला आलेला शेतकरी, ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचं गाव-नाव माहीत नाही, अशा माणसासमोर गळा उघडा करून बसतो. हा विश्वास येतो कुठून?

कुणी म्हणेल, त्याच्या कसबातून. बरोबर, पण अर्धंच. कसब म्हणजे हात चुकणार नाही एवढी खात्री. हात मुद्दाम वाईट करणार नाही, ही खात्री कसबातून येत नाही. उलट, कसबी हात अधिक धोक्याचा.

कुणी म्हणेल, पोलीस आहे, कायदा आहे. पण कायदा नंतर येतो. गळा कापल्यावर कायद्याचा आपल्याला काय उपयोग?

कुणी म्हणेल, त्याचं पोट त्यावर आहे, तो गिऱ्हाइकाला कशाला दुखवेल? हेही खरं. पण पोटासाठी लोक भेसळ करतात, माप मारतात. पोट माणसाला प्रामाणिक ठेवतंच असं नाही.

कोलंबिया देशातले हर्नांदो तेयेझ नावाचे लेखक होते. त्यांची १९५० सालच्या कथासंग्रहातली एक छोटी गोष्ट जगभर वाचली जाते. गावात क्रूर लष्करी अधिकारी आलेला आहे, त्यानं बंडखोरांना हाल करून मारलं आहे. गावचा न्हावी मनानं बंडखोरांच्या बाजूचा. एक दिवस तोच अधिकारी दाढीला येतो आणि मान टेकवतो. न्हाव्याच्या हातात वस्तरा, समोर शत्रूचा गळा. एक झटका दिला की संपलं. न्हावी मनात खूप झगडतो आणि शेवटी दाढी नीट करून देतो. आपण कारागीर आहोत, जल्लाद नाही, हे तो स्वतःशी ठरवतो. जाताना तो अधिकारी म्हणतो की तू मला मारशील असं लोकांनी सांगितलं होतं, तेच बघायला आलो होतो.

या गोष्टीत मला उत्तराचं एक टोक सापडतं. खुर्चीवर टेकलेली मान ही शत्रूची नसते आणि मित्राचीही नसते. ती सोपवलेली मान असते. एखादी गोष्ट सोपवली गेली की तिच्याशी वागायचा एक वेगळा धर्म सुरू होतो, आणि कारागिराच्या हातात तो धर्म मुरलेला असतो. बापाकडून पोराला वस्तरा मिळाला तेव्हा हाही मिळाला. दर वेळी आपला गळा सुखरूप परत येतो तो या धर्मामुळं. आपण मात्र नाव देतो आपल्या नशिबाला, नाहीतर चांगल्या ब्लेडच्या कंपनीला.

*आणि बदल्यात आपण काय दिलं?*

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

गावगाड्यात न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. लग्नात निरोप्या तोच, मशाल धरणारा तोच, मृत्यूच्या वेळी हजर तोच. त्याच्याशिवाय गावाचं एक कार्य पार पडत नव्हतं. पण कार्य झालं की पंगतीत त्याची जागा कुठं होती, हे ज्यांनी जुनी गावं पाहिली त्यांना सांगायला नको.

१ नोव्हेंबर १९५६ ला निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट आणि राजुरा पलीकडं गेले, आदिलाबाद अलीकडं राहिलं. पैनगंगेच्या त्या काठाला वारीक म्हणतात, या काठाला तेलुगूत मंगली. भाषा बदलली, राज्य बदललं, पुढं २०१४ ला तेलंगणही झालं. आपल्याकडं एकाच खुर्चीवर सकाळी मराठी, दुपारी तेलुगू आणि संध्याकाळी दखनी बोलणारा माणूस बसतो, आणि कारागीर तिन्ही भाषांत "मान जरा वर" म्हणतो. पण तिन्ही भाषांत त्याला हाक कशी मारली जाते?

ऐका एकदा कान देऊन. वीस वर्षांचं पोरगं दुकानात शिरतं आणि पन्नाशीच्या माणसाला म्हणतं, "ए, चल लवकर, टाइम नाही." तेच पोरगं बँकेत गेलं की काउंटरवरच्या साहेबाला "सर, सर" करतं. बँकेतल्या साहेबाच्या हातात त्याचं पासबुक असतं. दुकानात त्या माणसाच्या हातात त्याचा गळा असतो. पासबुकाला 'सर' आणि गळ्याला 'ए'! हा कुठला हिशोब?

आपली भाषासुद्धा तपासून बघा. कुणाला घालूनपाडून बोललं की आपण म्हणतो, "त्याची बिनपाण्यानं हजामत केली." कुणी लुबाडलं की म्हणतो, "चांगली हजामत झाली." ज्या कामात पाणी लावून, फेस करून, कातडी सांभाळून समोरच्याला जराही न दुखवता मोकळं केलं जातं, त्याच कामाचं नाव आपण अपमानाला आणि लुटीला ठेवलं. बिनपाण्याची हजामत करणारे आपण, आणि बदनाम झाला तो पाणी लावणारा.

कुणी म्हणेल, "आम्ही पैसे देतो की!" देता, आणि द्यायलाच हवेत. पण पैसे कामाचे झाले. अर्धा तास, ब्लेड, साबण, वीज, दुकानभाडं, एवढ्याचा हिशोब पैशात होतो. गळा सांभाळल्याचा हिशोब कोणत्या दरपत्रकात आहे? तेलंगण सरकारनं १ एप्रिल २०२१ पासून केशकर्तनालयांना महिन्याला २५० युनिटपर्यंत वीज मोफत केली. चांगलं केलं. छोट्या दुकानाला त्याचा मोठा आधार आहे. पण सरकार विजेचं बिल माफ करू शकतं. 'ए' ऐवजी 'काका' म्हणायचं काम सरकार करू शकत नाही. ते आपलंच आहे.

*वस्तऱ्यालाही 'नाही' म्हणता येतं*

मान देणं म्हणजे गोड बोलणं एवढंच नाही. मान देणं म्हणजे समोरच्यालाही सदसद्विवेक आहे, हे मान्य करणं. तो आपल्या हुकमाचं यंत्र नाही. याची एक मोठी गोष्ट आपल्या इतिहासात आहे, आणि ती आपण मुलांना क्वचितच सांगतो.

त्या काळी उच्च समजल्या जाणाऱ्या जातींत नवरा गेला की बाईचे केस काढत. कोवळ्या वयाच्या विधवा, काही तर अजून लेकरंच. त्यांना धरून बसवत आणि न्हाव्याला बोलावत. शास्त्र सांगणारे वेगळे, हुकूम देणारे वेगळे, पण वस्तरा न्हाव्याच्या हातात. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी समाजाची सभा भरली. विधवांच्या डोक्याला यापुढं वस्तरा लावायचा नाही, असं तिथं ठरलं. विचार करा. ही हातावर पोट असलेली माणसं. यजमान श्रीमंत, वजनदार. तरी ती म्हणाली की हे काम आमचं नाही. मोठमोठे पंडित वाद घालत बसले होते, तेव्हा ज्यांना शास्त्र वाचायचा अधिकारही दिला नव्हता त्यांनी खरा धर्म ओळखला.

पण खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं. वस्तऱ्यानं चुकीच्या जागीही 'नाही' म्हटलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्यातल्या लहानपणाची आठवण लिहून ठेवली आहे. गावात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपत होती, तरी घरच्या मुलांचे केस मोठी बहीण कापायची. कारण अस्पृश्याच्या केसाला हात लावायला कुणी न्हावी तयार नव्हता. हा नकार त्या न्हाव्याच्या मनातून किती आला आणि गावाच्या धाकातून किती, हा वेगळा विचार. वरच्या आळीनं त्याला सांगून ठेवलेलं असायचं की तिथं हात लावशील तर इथं येऊ नको. ज्याला स्वतःला मान मिळत नव्हता, त्याच्याच हातून गावानं दुसऱ्याचा मान काढून घेतला. पण त्या लहान मुलाला याच्याशी काय? त्याच्या डोक्याला कुणी हात लावत नव्हतं एवढंच त्याला कळत होतं.

तोच मुलगा मोठा झाला. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर झालं. त्याच दिवशी दुकानं, हॉटेलं सर्वांना खुली ठेवण्याच्या कलमावर चर्चा झाली आणि 'दुकान' म्हणजे काय असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला की दुकान हा शब्द संकुचित अर्थानं घ्यायचा नाही. जिथं कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो ती जागा यात येते. आज तीच कलमं १५ आणि १७ म्हणून आपल्या संविधानात आहेत. ज्याच्या डोक्याला न्हावी मिळाला नव्हता, त्याच्या हातून देशातल्या प्रत्येक खुर्चीचं दार सर्वांसाठी उघडलं गेलं.

मग साधकाला प्रश्न पडतो की मुंबईचा नकार पुण्य आणि साताऱ्याचा नकार पाप, हे ओळखायचं कसं? दोन्हीकडं न्हावी 'नाही'च म्हणाला. मला कसोटी इतकीच दिसते. *माझ्या नकारानं समोरच्याची मान वर झाली की खाली गेली?* मुंबईच्या नकारानं एका बाईची मान वर झाली. साताऱ्याच्या नकारानं एका लेकराची मान खाली गेली. ही कसोटी फक्त न्हाव्यासाठी नाही. मास्तर, डॉक्टर, तलाठी, दुकानदार, सून-सासू, कुणीही लावून बघावी. आपण दिवसातून दहा वेळा कुणाला तरी 'नाही' म्हणतच असतो.

*संतांनी काय केलं?*

आपल्या वारकरी परंपरेत संत सेना महाराज आहेत. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी आपण करतो. त्यांची कथा सर्वांना माहीत आहे. सेना राजाच्या सेवेला होते. कुणी तो राजा बांधवगडचा सांगतात, कुणी बिदरचा बादशहा म्हणतात. एक दिवस पूजेत वेळ झाला, राजाचे शिपाई बोलवायला आले. तेव्हा पांडुरंगानं सेनाचं रूप घेतलं, धोकटी खांद्याला लावली आणि राजवाड्यात जाऊन राजाची सेवा केली. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसलं. मागून खरे सेना आले आणि सगळा उलगडा झाला. राजानं पाय धरले.

कीर्तनात आपण 'देव भक्तासाठी धावला' इथं टाळ वाजवतो आणि थांबतो. मला पुढचा प्रश्न पडतो. त्या दिवशी वाटीत रूप दिसलं नसतं तर? आदल्या दिवशीही तोच वस्तरा होता, तेच तेल होतं, तीच प्रेमानं केलेली सेवा होती. आदल्या दिवशी राजानं पाय धरले नव्हते. चमत्कार दिसल्यावर मान देणं सोपं आहे. ज्या दिवशी वाटीत फक्त तेल दिसतं, त्या दिवशी मान देणं ही साधना. आणि देवानं सोंग घ्यायला धोकटी निवडली, हे विसरू नका. ज्या धोकटीला गाव हलकं समजत होतं, ती खांद्याला लावताना त्याला कमीपणा वाटला नाही.

सेना महाराजांचं नाव महाराष्ट्रापुरतं नाही. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात भगत सैण म्हणून त्यांची रचना आहे. शिखांची आणखी एक गोष्ट तर आपल्या अगदी जवळची. १६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात गुरू गोविंदसिंगांनी तलवार उपसून भर सभेत शीर मागितलं. पाच जण उठले. त्यांतले साहिब चंद हे न्हावी समाजातले, आपल्या शेजारच्या बिदरचे. आयुष्यभर ज्यांच्या घराण्यानं दुसऱ्यांची मान सांभाळली, त्यांनी गुरूसमोर स्वतःची मान दिली. ते पंज प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग झाले, आणि गुरूंनी त्या पाचांच्या हातून स्वतः अमृत घेतलं. गुरूच शिष्यांपुढं नमला. आपण नांदेडला हुजूर साहिबला जातो, तिथं माथा टेकताना ही आठवण ठेवावी.

पण या विषयावरचं शेवटचं उत्तर मला सर्वांत जुन्या गोष्टीत दिसतं. उपाली हे शाक्य राजपुत्रांचे न्हावी. राजपुत्र भिक्खू व्हायला भगवान बुद्धांकडं निघाले, उपालीही सोबत गेले. तेव्हा राजपुत्रांनीच विनंती केली की आम्हा शाक्यांना फार गर्व आहे, हा उपाली आजवर आमची सेवा करत आला, म्हणून त्याला आधी दीक्षा द्या. संघात जो आधी येतो तो ज्येष्ठ, आणि नंतर आलेल्यानं त्याला वंदन करायचं. म्हणजे ज्यांच्यापुढं उपाली रोज वाकत, ते राजपुत्र आता उपालींपुढं वाकणार. बुद्धांनी तसंच केलं. पुढं राजगृहाच्या पहिल्या संगीतीत संघाचे सगळे नियम, म्हणजे विनय, उपालींनी म्हणून दाखवले आणि तो प्रमाण मानला गेला.

राजपुत्रांनी मान आधीही दिली होती, दाढीच्या वेळी. त्या दिवशी त्यांनी मान दिला, आणि तो देण्यासाठी स्वतःची मान खाली केली. *मान दिल्याशिवाय मान देता येत नाही*, असं म्हणा ना. उपालींना मोठं करायला गेले आणि गर्व त्यांचाच उतरला. उपालींच्या हातात त्या दिवशी वस्तरा नव्हता, तरी हजामत झालीच, अहंकाराची. आणि तीही पाणी लावून, कुणालाही न दुखवता.

*या आठवड्याची साधना*

चिंतन वाचून फॉरवर्ड केलं की झालं असं होऊ नये, म्हणून चार लहान गोष्टी:

१) दुकानात गेलात की आधी नमस्कार करा आणि वयाप्रमाणे काका, दादा, भाऊ म्हणा. बरेच दिवस जात असाल आणि नाव माहीत नसेल, तर या वेळी विचारा. मुलं सोबत असतील तर त्यांच्यासमोर विचारा.

२) खुर्चीवर बसल्यावर मोबाइल खिशात. तो तुमच्या गळ्यावर लक्ष ठेवून आहे. तुम्ही त्याच्या कामावर निदान पाच मिनिटं ठेवा. नवं ब्लेड मोडताना पाहिलंत तर "बरं केलं" म्हणा. लावलं नाही तर सरळ पण आदरानं सांगा. चांगल्याला चांगलं आणि चुकीला चूक म्हणणं, दोन्ही मान देण्यातच येतं.

३) 'बिनपाण्याची हजामत' हा शब्दप्रयोग तोंडातून काढून टाका. त्याआधी, तशी हजामत करायची सवय काढून टाका.

४) ही यादी फक्त न्हाव्यापुरती ठेवू नका. गाडीचा ड्रायव्हर, नर्सबाई, विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन, दुधात भेसळ न करता दूध घालणारी मावशी. रोज कितीतरी हातांत आपण आपला जीव सोपवतो. रात्री झोपताना दिवसभरात कुणाकुणाच्या हाती मान दिली ते मोजा, आणि त्यांतल्या किती जणांना मान दिला तेही मोजा. दोन आकड्यांत जेवढा फरक निघेल तेवढी आपली साधना बाकी आहे असं समजा.

आपल्या साप्ताहिक प्रार्थनेला येणाऱ्यांत या व्यवसायातले गुरुबंधू आहेत. रविवारी ते आले की त्यांना मागं चपलांपाशी बसू देऊ नका. हाताला धरून पुढं आणा. ज्यांच्या हाताला आपण गळा लावू देतो, त्यांचा हात धरायला आपल्याला लाज कसली?

सर्वांचं कल्याण होवो.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏